वंदनेपासून जलशापर्यंत : आपल्या गाण्यांमागच्या कथा

एखादे गीत आवडले की ते कोणी रचले, केव्हा रचले आणि कोणासाठी रचले, असा प्रश्न मनात येतो. हा प्रश्न फार जुना आहे. पाली वाङ्मयातील एका प्रसंगात तो साक्षात तथागतांनी विचारलेला आहे. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात ही कथा येते. राजगृहाच्या पूर्वेस, वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत भगवान ध्यानस्थ होते. देवांचा राजा सक्क याला त्यांची भेट घ्यावयाची होती. परंतु ध्यानमग्न तथागतांसमोर एकदम जावे कसे, हा त्याला संकोच. म्हणून त्याने पंचशिख नावाच्या गंधर्वाला पुढे पाठविले. पंचशिखाने पिवळसर बेलाच्या लाकडाची वीणा छेडली आणि गीत आरंभिले. ते गीत होते प्रेमाचे! भद्दा सूरियवच्चसा नावाच्या गंधर्वकन्येसाठी त्याने ते रचले होते. त्यात बुद्ध, धम्म आणि अरहंत यांची स्तुती होती आणि सोबतच प्रियेच्या विरहाची तळमळही होती.

आपल्यापैकी कोणी असे गीत विहारात गायिले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. भगवंतांनी मात्र गीत शांतपणे ऐकून घेतले, तारांचा नाद कंठाला आणि कंठ तारांना सोडून जात नाही, अशी प्रशंसा केली, आणि मग विचारले की, हे गीत केव्हा जुळविलेस? पंचशिखाने प्रांजळपणे सांगितले की, भगवंतांना नुकतीच संबोधी प्राप्त झाली होती आणि ते नेरंजरा नदीच्या तीरी अजपाल वटवृक्षाखाली राहत होते, तेव्हाचे हे गीत. ती कन्या दुसऱ्याच कोणावर अनुरक्त होती. म्हणून तो तिच्या दारी जाऊन हे गीत गायिला. तेव्हा ती म्हणाली की, ज्या भगवंतांचे नाव तू घेतोस, त्यांना मी पाहिलेले नाही, पण देवसभेत नृत्याला गेले असता त्यांच्याविषयी ऐकले आहे. इतक्या तपशिलासह ही हकीकत त्रिपिटकात जतन झाली आहे. गाण्यामागची गोष्ट विचारणे, ऐकणे आणि जपणे ही आपली फार जुनी रीत आहे, एवढाच आधार आम्ही या लेखासाठी घेतो.

येथे एक शंका येते, आणि आपल्या विद्यालयातील विद्यार्थी ती आम्हांला वारंवार विचारतात. अष्टशीलाच्या सातव्या शीलात नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आहे. मग बौद्धांनी गावे की न गावे? उत्तर सरळ आहे. उपासक-उपासिकांच्या नित्याच्या पंचशीलात हे बंधन नाही; ते उपोसथाच्या दिवशी आठ शीले घेणाऱ्यांसाठी आणि श्रामणेर व भिक्खूंसाठी आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर याहूनही बारीक विचार आढळतो. काही भिक्खू धम्मवचने लांबलचक आलाप घेऊन गाऊ लागले, तेव्हा भगवंतांनी त्याचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्याच स्वरात गुंततो, ऐकणारेही स्वरातच गुंततात, लोक टीका करतात, चित्ताची एकाग्रता भंगते आणि पुढची पिढी त्याचेच अनुकरण करते, असे ते दोष होत. मात्र सरभञ्ञ, म्हणजे स्वरयुक्त पठण, याला त्यांनी अनुमती दिली. परिपाठात आपण त्रिसरण-पंचशील ज्या संथ, बिनआलापी लयीत म्हणतो, तिचे मूळ येथे आहे. लहान मुले ती लय उगाच लांबवितात तेव्हा आम्ही त्यांना थांबवितो. त्यामागे केवळ शिस्त नसून अडीच हजार वर्षांची ही एक आठवणही आहे.

आणि ज्यांना वाटते की महाराष्ट्रातील जुन्या बौद्धांचा संगीताशी संबंध नव्हता, त्यांनी एकदा मळवली स्थानकावर उतरून भाजे लेणी पाहावी. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या लेण्यांत एका शिल्पात एक स्त्री तालवाद्य वाजवीत आहे आणि दुसरी तिच्या तालावर नाचत आहे. विहाराच्याच दगडात ते कोरलेले आहे.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्वत्ता, त्यांचे ग्रंथ, त्यांचे लढे यांविषयी आपण भरपूर वाचतो. परंतु बाबासाहेबांचा कान गाता होता, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे वडील सुभेदार रामजी कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजने होत आणि मुलांना त्यांत बसावेच लागे. ते संस्कार आयुष्यभर पुरले. उतारवयात, ग्रंथलेखन आणि राजकारण यांच्या धबडग्यात, बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला होता. ज्या वयात माणसे हातातील कामे कमी करतात, त्या वयात विद्यार्थी होऊन एक नवे वाद्य हाती धरणारा हा माणूस आम्हांला त्यांच्या पदव्यांइतकाच वंदनीय वाटतो.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीची हकीकत त्यांच्या चरित्रांत नोंदलेली आहे. दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे सहायक नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. बाबासाहेब डोळे मिटून, बोटांनी ताल धरून त्रिसरण गुणगुणू लागले. मग रत्तूंना त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावण्यास सांगितले आणि तिच्यासोबत स्वतःही म्हणू लागले. पुढे त्यांच्या ओठांवर कबिराचे एक पद होते. त्यानंतर त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी मागवून घेतले. पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले होते. त्या अखेरच्या रात्री त्यांपैकी दोघे त्यांच्या कंठात होते.

तिसरे गुरू जोतीराव यांच्यापासून आपल्या जलशाचा वंश सुरू होतो. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचून प्रसिद्ध केला आणि पवाड्याचा उपयोग विचार सांगण्यासाठी करता येतो, हे दाखवून दिले. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. सांगाडा तमाशाचाच, गण, गौळण, सवाल-जवाब सर्व काही होते. पण गणातील गणपतीला निरोप मिळाला आणि सवाल-जवाबात भटशाहीची झाडाझडती आली. आंबेडकरी जलशांनी हाच धागा उचलला आणि आणखी एक गोष्ट केली. त्यांनी नाचणारी स्त्री मंचावरून दूर केली. स्त्रीपात्रेही पुरुषच रंगवीत.

या निर्णयामागे एक जखम होती. तमाशात नाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आपल्याच वस्त्यांतील होत्या. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातील श्रीधर कृष्णाजी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांनी जात आणि वतनदारी सोडून तमाशाचा फड उभा केला. लावणीच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठेच आहे, आणि त्यांच्या फडाच्या कीर्तीत महार समाजातील पवळाबाईंच्या गाण्या-नाचण्याचा वाटा तेवढाच मोठा आहे. महाड सत्याग्रहाच्या निधीसाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले असता बाबासाहेबांनी ते नाकारले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. आपल्याच भगिनींना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्यासाठी कसा घ्यावा, हा तो पेच. काहींना हा नकार कठोर वाटतो. आम्हांला तो कठोर वाटत नाही. मात्र पवळाबाईंच्या कलेचा सन्मानही त्यामुळे राहून गेला, हे आज मान्य करावयास हरकत नसावी.

आंबेडकरी जलशांचे आद्य नाव भीमराव कर्डक यांचे. नाशिक जिल्ह्यातील कसबे सुकेणे हे त्यांचे गाव. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या धामधुमीत, १९३० नंतरच्या वर्षांत, त्यांचा जलसा गावोगाव फिरू लागला. मृत जनावराचे मांस सोडा, वतनाची चाकरी सोडा, मुलांना शाळेत घाला, हे विषय. साहित्य म्हणाल तर ढोलकी, तुणतुणे, झांज आणि कंदिलाचा उजेड. वर्तमानपत्र ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत चळवळीची बातमी जलशातून जाई. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचे आहेत, असा अभिप्राय बाबासाहेबांनी दिल्याचे जुनी मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत. स्वतः कर्डकांनी या सर्वाची हकीकत ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्या हाती आहे. अनेक जलसाकारांनी असे काही लिहून ठेवले नाही; त्यांची नावे त्यांच्याबरोबर गेली.

भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक हे एकच, किंवा बापलेक, असा समज पुष्कळांचा असतो. तसे नाही. वामनदादा सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे; जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. भीमरावांच्या जलशाने त्यांना नादावले, हा मात्र दोघांमधला खरा दुवा. वामनदादांची कथा आपल्यासारख्या निवासी विद्यालयात वर्षातून एकदा तरी सांगितली गेली पाहिजे, असे आमचे मत आहे, कारण ती मुळात अक्षरांची कथा आहे.

ज्यांची गीते आज विद्यापीठांतून अभ्यासली जातात, त्या वामनदादांना ऐन तारुण्यापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. लहानपणी गुरे राखणे, मग मुंबईत येऊन मिळेल ती मजुरी करणे, हे आयुष्य. मुंबईत ते बी. डी. डी. चाळीत राहत असताना कोणी एकाने आपले पत्र वाचून दाखविण्यास त्यांच्या हाती दिले. अंगावर नीटनेटके कपडे पाहून हा शिकलेला असावा असे त्या माणसाला वाटले असेल. वामनदादांना ते वाचता आले नाही आणि त्या शरमेने ते रडले. पुढे चाळीतील देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे गिरवायला शिकविले. जोडाक्षरांचे शिक्षण मात्र रस्त्यावर झाले. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचीत, एकेक जोडाक्षर फोडीत ते वाचायला शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत जुळविले. आजच्या भाविक श्रोत्याला आश्चर्य वाटेल, पण ते वंदनगीत नव्हते. एका हिंदी चित्रपटगीताचे ते विनोदी विडंबन होते. त्यावर लोक हसले, आणि आपण गाणे रचू शकतो हे तरुण वामनच्या ध्यानात आले.

पुढील साठ वर्षे ते लिहीत आणि गात राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनचे’ हे त्यांचे संग्रह. पण संग्रहात आली त्यांपेक्षा गावोगावच्या वह्यांत राहिलेली गीते कितीतरी अधिक. चित्रपटांसाठीही त्यांनी लिहिले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा अनंत माने यांचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, हे जुन्या रसिकांना ठाऊक असते. त्यात वामनदादांचेही गीत आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपटाच्या दुनियेत ते रमले मात्र नाहीत. खांद्याला झोळी अडकवून एका जयंतीहून दुसऱ्या जयंतीला जाणे हाच त्यांचा मार्ग राहिला.

वामनदादांच्या गीतांच्या अखेरच्या कडव्यात बहुधा त्यांचे नाव गुंफलेले असते. संतांच्या अभंगातील आणि शाहिरांच्या कवनातील ही जुनी नाममुद्रा. छपाई नसलेल्या काळात कवीचा तोच एक मालकीहक्क होता. कॅसेटचा जमाना आला आणि एका बाजूवर अधिक गाणी बसावीत म्हणून कडवी कापली जाऊ लागली. कापताना पहिला बळी शेवटच्या कडव्याचा. कडवे गळाले, की कवीही गळाला. आज आपल्या कार्यक्रमांतून ‘पारंपरिक’ म्हणून जाहीर होणाऱ्या अनेक भीमगीतांना एके काळी हाडामांसाचा धनी होता. निवेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असते की, गीतकाराचे नाव शोधल्याविना ‘पारंपरिक’ हा शब्द उच्चारू नये.

या गीतांची आणखी एक खूण माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. चैत्यभूमीवर किंवा दीक्षाभूमीवर विकत मिळणाऱ्या त्या पातळ गीतपुस्तिकांत प्रत्येक गीताच्या माथ्यावर ‘चाल :’ असे छापून पुढे एखाद्या हिंदी चित्रपटगीताचे मुखडे दिलेले असे. सुशिक्षित मंडळी यावर नाक मुरडीत. उसनी चाल म्हणून हिणवीत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. स्वरलिपी वाचू न शकणाऱ्या, पेटी विकत न घेऊ शकणाऱ्या गावातील गायन पार्टीला नवे गीत त्याच रात्री गाता यावे, याची ती व्यवस्था होती. चाल सर्वांच्या कानात आधीच होती; शब्द तेवढे नवे शिकावयाचे. जेथे शाळा पोहोचली नव्हती तेथे रेडिओ पोहोचला होता, आणि आपल्या कवींनी त्या रेडिओचाच फळा केला.

उलट दिशेनेही एक देवाणघेवाण झाली आहे. बुद्धपौर्णिमेला गावोगावच्या ध्वनिक्षेपकांवरून मन्ना डे यांच्या आवाजातील शरणगमनाचे जे गंभीर हिंदी गीत लागते, ते अनेकांना विहारातलेच वाटते. वस्तुतः ते ‘अंगुलिमाल’ (१९६०) या हिंदी चित्रपटातील आहे. दिग्दर्शक विजय भट्ट. हेच भट्ट ‘रामराज्य’ या १९४३ च्या गाजलेल्या चित्रपटाचे दिग्दर्शक! संगीत अनिल विश्वास यांचे आणि शब्द भरत व्यास यांचे. भरत व्यासांचे दुसरे एक गीत तर देशातील असंख्य शाळांची प्रार्थना झाले आहे, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील कैद्यांची ती प्रार्थना. त्या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची आणि तिची प्रेरणा औंध संस्थानातील स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाची. म्हणजे ज्या प्रार्थनेने शेकडो शाळांचा दिवस सुरू होतो, ती मुळात बंदिवानांच्या ओठी दिलेली आहे. एकाच कवीच्या लेखणीतून विहारातले गीत आणि शाळेतली प्रार्थना निघाली, आणि दोन्ही ठिकाणी त्याचे नाव कोणी घेत नाही.

अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी थोडे सांगावयास हवे. वाटेगावच्या या लेखकाची शाळा दीड दिवसात संपली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड लोक विरहगीत म्हणून ऐकतात. मुंबईस पोटासाठी आलेला कामगार आणि गावी मागे राहिलेली त्याची सखी, असाच तिचा आरंभ आहे. पण ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील रचना आहे. शेवटाकडे येता येता विरहाचा अर्थ पालटतो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या दुरावलेल्या मुलखाची व्यथा पुढे येते. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती ऐकताना मैदानातील कामगारांना हा उलगडा होत असेल, तो क्षण कसा असेल! कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या याच अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचा संदेश सांगणारे गीत लिहिले, जे आज प्रत्येक जयंतीत गायिले जाते. आणि ‘फकिरा’ ही आपली कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

‘भीमवंदना’ या नावाने ओळखले जाणारे गीत सुरेश भटांचे आहे, हे ऐकून आमच्या दहावीच्या वर्गात कोणालाच प्रथम खरे वाटले नव्हते. मराठी गझल रुजविणारा अमरावतीचा हा कवी बालपणीच पोलिओने एका पायाने अधू झाला होता. गझलेतील धार आणि वंदनेतील नम्रता एकाच लेखणीला कशी साधली, हे त्या गीताचे मीटर मोजून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आपोआप कळेल.

प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. भीमगीते आणि कव्वाली यांचा हा बुलंद गळा. परंतु उभ्या महाराष्ट्राला तो ठाऊक आहे विठ्ठलाच्या भक्तिगीतांमुळे. आषाढीला पंढरीच्या वाटेवर त्यांचाच आवाज असतो. धम्म स्वीकारलेल्या समाजातील गायकाने ही गीते गावीत काय, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि आजही अधूनमधून विचारला जातो. गाणे हा त्यांच्या घराचा चरितार्थ होता, हे उत्तर खरे आहे, पण आम्हांला ते अपुरे वाटते. ज्या मंदिराच्या पायरीशी त्यांच्या पूर्वजांना थांबविले जाई, त्या मंदिराच्या गाभाऱ्यापर्यंत हा आवाज कोणाची परवानगी न घेता पोहोचला, हेही त्या गाण्यांत ऐकू येते. वाचकांचे मत निराळे असू शकेल. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले आणि प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. चाळीस दिवसांच्या आत आंबेडकरी गाण्याचे शब्द आणि स्वर असे दोन्ही ओसरले.

शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म मुंबईत नायगाव येथे १५ जुलै १९३१ चा. ‘जांभूळ आख्यान’मध्ये एकट्याने नाना पात्रे उभी करणारा हा कलावंत पोवाडा, भारूड, कव्वाली, भीमगीत यांपैकी कशालाच परका नव्हता. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनप्रसंगी, ते मंचावर आले. बुद्धमूर्तीला त्यांनी वंदन केले, समोरच्या जनसमुदायाला जयभीम घातला, आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच ते मंचावर कोसळले. वय एकोणऐंशी वर्षांचे होते.